विचारा की ओ : यादी फाडा, मलप्रभा धरा

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की ह्या पानाला येणारी पत्रं आणि मेसेज सगळे फिरायचेच असतात, ह्याही वेळी तेच झालंय. मांडे फाटतात का म्हणून विचारणाऱ्या तिघींनी थोडं थांबा, पुढच्या अंकात नक्की. एक पत्र मोठं आहे, त्याचं उत्तर पण लांबलंय, बाकीची पटापट उरकते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सांगलीचे. दिवाळी झाली की तीन दिवस दोन रात्री गाडी घेऊन तुमच्या बेळगाव साइडला यायचं ठरलंय. जुनी, इतिहासातली गावं मुलांना दाखवायची असं मिस्टरांच्या डोक्यात आहे आणि त्यांनी यादी केलीय : बेळगावचा किल्ला, राजहंसगड, नंदगड, हलशी, देगाव, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, हुक्केरी, जमलं तर बदामी. सोबत सासूबाई आहेत, वय ७२, गुडघे दुखतात पण देऊळ दिसलं की सोडत नाहीत. मुलगी नववीत, तिचं डोकं फोनमध्ये. मुलगा तिसरीत, त्याला दर तासाला भूक. मला हे फार होतंय असं वाटतंय, मिस्टर म्हणतात सगळं शंभर किलोमीटरच्या आत आहे. कोण बरोबर? आणि कन्नड कुणालाच येत नाही, गाडी एमएच, काही त्रास होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही बरोबर. मिस्टरांना हे पान चहाबरोबर द्या, म्हणजे पचेल.

त्यांचं गणित मॅपवर तसं चुकलेलं नाही. बदामी सोडली (ती बेळगावातनं दीडशे किलोमीटर, तिला वेगळी सुट्टी काढा) तर बाकीचं खरंच जवळजवळ आहे, पण मॅपला सासूबाईंचे गुडघे दिसत नाहीत आणि रस्त्यातला ऊसाचा ट्रॅक्टर पण दिसत नाही. चार वर्षांमागं माझी बहीण पुण्यासनं पोरं घेऊन आली तेव्हा मी पण अशीच नऊ गावांची यादी केली होती, मी इथलीच, मला कोण शिकवणार! पहिल्या दिवशी पाच ठिकाणं झाली आणि रात्री जेवताना कुणालाच सांगता येईना की दोन गाभाऱ्यांचं देऊळ कुठल्या गावातलं आणि तीन गाभाऱ्यांचं कुठल्या, भाचीनं तर फोटोंना नावं दिली ती ‘देऊळ एक, देऊळ दोन, देऊळ तीन’ अशीच. दुसऱ्या दिवशी मुक्कामाला पोचेस्तोवर अंधार पडला, आणि लॉजवाल्यानं फोनवर तळमजला म्हणून सांगितलेली रूम निघाली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मग मी आणि बहिणीनं आईला दोन्हीकडनं धरून एकेक पायरी करत वर नेलं. आई काही बोलली नाही. फक्त सकाळी म्हणाली, “आज मी गाडीतच बसते, तुम्ही बघून या.” तिच्यासाठी म्हणून काढलेली ट्रिप आणि तीच गाडीत!

तेव्हापासनं मी यादी करत नाही, नदी धरते.

नदी म्हणजे मलप्रभा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते, खानापुरावरनं पुढं एम. के. हुबळीजवळ हायवेच्या पुलाखालनं जाते आणि सौंदत्तीपाशी नविलुतीर्थाच्या धरणात अडते. तुमच्या यादीतली नंदगड, हलशी, देगाव, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती ही सगळी तिच्या आसपासची, कुठलं ह्या अंगाला कुठलं त्या अंगाला. हुक्केरी आणि गोकाक घटप्रभेकडची, ती काढून टाका, गोकाकचा धबधबा तसाही ऑगस्ट-सप्टेंबरात बघायचा, दिवाळीनंतर त्यात जीव कमी होत जातो. एका नदीची गावं बघितली की एका गावाची गोष्ट दुसऱ्या गावात पुरी होते, मुलांच्या डोक्यात ती राहते, वेगळं काही शिकवावं लागत नाही.

आता बसवू या.

पहिला दिवस सांगलीहून बेळगाव आणि फक्त किल्ला. आत निम्मा भाग मिलिटरीचा आहे, आपण जायचं कमल बस्तीला, गाडी अगदी जवळपर्यंत जाते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधलं. मुलांना मंडपाच्या मधोमध उभं करा आणि वर बघायला सांगा : छतातनं दगडाचं कमळ खाली लोंबतंय, पाकळ्या ७२. भूतकाळातले २४ तीर्थंकर, आत्ताचे २४ आणि पुढं होणारे २४. तिसरीतल्या पोराला पाढा पण होतोय आणि सासूबाईंच्या वयाएवढ्या पाकळ्या म्हणून त्या पण खुश. त्याच आवारात सफा मशीद आहे, १५१९ ची, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार असद खान लारी, त्याच्या वेळची, आणि किल्ल्याच्या दारातच दुर्गादेवी आणि गणपती. एका तासात सगळं. राजहंसगड ह्या वेळी सोडा. संध्याकाळ मोकळी ठेवा, पोरांना बाजारात फिरवा, लवकर झोपवा.

दुसरा दिवस खरा. सकाळी खानापूर पंचवीसेक किलोमीटर, तिथं चहा आणि पोराचा पहिला खाऊ, मग नंदगड. संगोळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिलं, गावाबाहेर समाधी आहे आणि तिच्यावर भलंमोठं वडाचं झाड. झाडाजवळ गेल्यावर नीट बघा, फांद्यांना छोटे छोटे पाळणे बांधलेले दिसतील, कुणी लाकडाचा बांधलाय, कुणी नुसता कापडाचा झोका केलाय. मूल व्हावं म्हणून बायका नवस बोलतात. जो माणूस इंग्रजांशी लढून पस्तीशीच्या आत फासावर गेला त्याच्याकडं लोक पोर मागतात, ह्याचं मला दर वेळी नवल वाटतं, आणि दर वेळी एखादा पाळणा नवा कोरा असतोच. २६ जानेवारी ही तारीख ऐकून तुमची नववीतली फोनमधनं मान वर काढेल, माझ्या भाचीनं काढली होती. रायण्णा कोण ते मात्र तिथं पुरं सांगू नका, तो कित्तूरच्या राणीचा माणूस एवढंच सांगा, बाकीचं उद्यासाठी राखा.

नंदगडहून हलशी जवळच. आज बघाल तर एक साधं खेडं, भाताची शेतं, घरांवर खापरी कौलं, खरं पाचव्या-सहाव्या शतकात हे ‘पलाशिका’ होतं, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. त्या वेळचे ताम्रपट इथं सापडलेत. पुढं गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात भूवराह नरसिंहाचं देऊळ बांधलं, तेच आपण बघायचं. ह्या देवळात घाई करू नका. दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांसमोर आहेत, म्हणजे मंडपात मधे उभं राहिलं की तुमच्या पुढं एक देव आणि पाठीला दुसरा. एकीकडं बसलेला नारायण, दुसरीकडं पृथ्वीला उचलून धरणारा वराह, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. आमची आई मधोमध उभी राहिली आणि गोंधळली, म्हणाली, “अगं, कुणाला आधी हात जोडू, दुसऱ्याला पाठ होतीय की!” शेवटी ती आडवी उभी राहिली, एक खांदा ह्या देवाकडं एक त्या देवाकडं, आणि मधेच कुठंतरी नमस्कार केला. फरशी बाहेर ऊन असलं तरी गार असते, पाय सोडून खांबाला टेकून बसायला सासूबाईंना आवडेल, पायऱ्या पण फार नाहीत. मिस्टरांनी तेवढ्यात गावातली बाकीची देवळं चालत बघून यावीत, सुवर्णेश्वर, कल्मेश्वर वगैरे, म्हणजे त्यांची यादी पण थोडी भरते.

जेवण बरोबर घ्या. ह्या पट्ट्यात वाटेत चांगलं हॉटेल मिळेल म्हणून बसू नका, दशम्या, शेंगाचटणी, दही, काय ते डब्यात. मग बीडी नावाचं गाव लागतं (तंबाखूशी काही संबंध नाही, पोरं हसणार, हसू द्या), तिकडनं कित्तूरच्या अंगाला देगाव. हे कमलनारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंब राजाची, शिवचित्त पेर्माडीची, राणी कमलादेवी हिचं, आणि ज्यानं बांधलं त्या स्थपतीचं नाव पण लेखात आहे, तिप्पोजा. राजांची नावं सगळीकडं असतात, कारागिराचं नाव आठशे वर्षं टिकलेलं बघायला मिळणं कमीच, म्हणून मला हे देऊळ आवडतं. इथं गाभारे तीन, ओळीनं, मधल्यात लक्ष्मीला मांडीवर घेऊन बसलेला नारायण. लोकं फारशी नसतात. तुम्ही गेल्यावर कुणीतरी येऊन कुलूप काढतंय, जरा थांबायला लागलं तर थांबा.

एवढंच. दुसरा दिवस संपला. मुक्कामाला धारवाडला जा, कित्तूरहून तीसेक किलोमीटर हायवे, लॉज-हॉटेल भरपूर, आणि सकाळी पेढे. रूम बुक करताना तळमजला का लिफ्ट हे फोनवर नको, मेसेजवर लिहून घ्या, का ते वर सांगितलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी कित्तूर. आता कालच्या रायण्णाची राणी. राजा मल्लसर्ज वारला, मुलगा पण वारला, चन्नम्मानं शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, कंपनी सरकारनं दत्तक मानलं नाही आणि खजिन्याला सील लावायला आले. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला आणि तिथंच मारला गेला. (‘थॅकरे’ म्हटल्यावर आमचा भाचा दचकला, “आपले?” नाही रे बाबा, साहेब!) दोन इंग्रज अधिकारी कैद झाले, त्यातला एक वॉल्टर एलियट. ही गोष्ट तुमच्या मुलीला सांगा : राणीनं त्यांना नीट वागवून सोडून दिलं, आणि ह्याच एलियटनं पुढं ह्या सगळ्या मुलखातले शेकडो शिलालेख उतरवून घेतले, चालुक्यांचा इतिहास लिहायला ते कामाला आले. तेव्हा त्या दिवशी त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर दगडावरचं कितीतरी वाचायचं राहिलं असतं. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि १८२९ मध्ये ती तिथंच गेली.

वाड्याचे आता अवशेषच आहेत, जाड जाड भिंती, उघडे चौक, छप्पर नाही. दुपारी तापतंय, म्हणून सकाळी. तिथं भिंतीत एक गोल भोक आहे, त्यातनं ध्रुवतारा दिसतो म्हणतात, तुमच्या पोराला डोळा लावू द्या, दिवसा तारा दिसत नाही हे त्याला कळेपर्यंत दहा मिनिटं शांततेत जातात. आवारात म्युझियम पण आहे, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. तिथनं बैलहोंगल, राणीची समाधी गावातच आहे, गाडीतनं उतरून चार पावलं. नंदगडला सुरू झालेली गोष्ट इथं संपते. मग बेळगाव, मग घर. सौंदत्ती ह्यात बसत नाही, सासूबाईंचा नवस असेल तर बैलहोंगलहून तिकडं वळा आणि एक रात्र वाढवा, पण त्याचं खाली वेगळं लिहिलंय.

भाषेचं. बेळगाव, खानापूर, नंदगड, हलशी इकडं मराठी सर्रास चालतं, फक्त आमचं मराठी ऐकून दचकू नका, आम्ही ‘पण’ला ‘खरं’ म्हणतो, “येतो खरं उशीर होईल” म्हणजे येणार आहे, शपथ घेतोय असं नाही. कित्तूरपासनं पुढं कन्नड. चार शब्द बास होतात : ‘एल्ली’ म्हणजे कुठं, ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘नीरु’ पाणी, ‘बेडा’ नको. आणि कुठल्याही शब्दाला मागं ‘री’ लावलं की आदर झाला, “बर्री”, “हेळ्री”. म्हाताऱ्याला अज्जा, बाईला अक्का. एवढं बोललात की समोरचा निम्म्या वेळा मराठीतच उत्तर देतो, आणि निम्म्या वेळा हातानं दाखवतो. एमएच गाडीला रोज काही होत नाही, कोल्हापूर-सांगलीच्या शेकडो गाड्या येतात-जातात. फक्त १ नोव्हेंबरच्या मागंपुढं दोन दिवस टाळा, त्या दिवशी इकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस दोन्ही असतात, गर्दी, मिरवणुका, रस्ते बंद. आणि डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, अधिवेशन बसतं तेव्हा बेळगावात रूम मिळणं अवघड, मिळाली तर दुप्पट.

आणि तो ट्रॅक्टर. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं लाइट नाही. अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यावर गाडी काढू नका. मिस्टरांना हे दोनदा वाचून दाखवा.

प्रश्न : मुलगा आठवीत. शाळेची ट्रिप कित्तूरला जाऊन आली. आल्यावर विचारतोय, बाबा, कित्तूरची राणी आपली का त्यांची? मला पटकन सुचलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?
— एक बाप, खानापूर तालुका

उत्तर : मी आधी त्याला वर्षं लिहून काढायला लावली असती. झाशीचं १८५७, कित्तूरचं १८२४, मधे ३३ वर्षं. दोन्हीकडं विधवा राणी, दोन्हीकडं दत्तक मुलगा आणि दोन्हीकडं कंपनीचा नकार. झाशीची आपली म्हणताना आपण ती कुठली भाषा बोलायची हे विचारतो का? इंग्रज तर ह्या सगळ्या भागाला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणायचे, पाट्यांचं भांडण तेव्हा जन्माला यायचं होतं.

मग त्याला बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीला घेऊन गेले असते. ही गोष्ट आपल्याकडं जरा हळू आवाजात सांगतात. १६७८ च्या सुमाराला शिवाजी महाराज दक्षिणेची मोहीम करून परत येत होते, बेळवडीच्या गढीशी भांडण लागलं आणि तिथली देसाईण मल्लम्मा मराठी फौजेला हटेना, जवळजवळ महिनाभर लढली म्हणतात. गढी पडल्यावर आपल्याच एका सरदारानं तिच्याशी गैरवर्तन केलं, ते महाराजांना कळलं आणि त्यांनी त्या सरदाराला कडक शिक्षा केली अशी परंपरा आहे. धारवाडजवळ यादवाडला हनुमानाच्या देवळापाशी एक शिल्प आहे, महाराजांच्या मांडीवर मूल आणि हातात दुधाची वाटी, मल्लम्माच्या पोराला दूध पाजतायत असं गावकरी सांगतात. कन्नड गावात, महाराजांचं शिल्प, पिढ्यान् पिढ्या जपलेलं. तुमच्या आठवीतल्याला ते दगडावरचं दाखवा आणि मग त्यालाच विचारा आपलं कोण. मला तरी ह्या गोष्टीत मल्लम्मा पण आपली वाटते आणि महाराज जास्तच आपले वाटतात.

प्रश्न : आजेसासूंचा सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचा नवस राहिलाय, घरच्यांना आता फेडायचाय. आम्ही पुण्यात वाढलेले, जोगतिणी वगैरे फक्त ऐकून माहीत. पौर्णिमेलाच जायला पाहिजे का? लहान मुलींना न्यावं का?
— एक सूनबाई, पुणे

उत्तर : पौर्णिमेलाच पाहिजे असं काही नाही हो, देवी रोज तिथंच असते. मार्गशीर्षातली आणि माघातली पौर्णिमा मोठ्या, कोल्हापूरकडनं बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून लोक येतात, डोंगर भंडाऱ्यानं पिवळा होतो, “उदे गं आई उदे” दुरूनच ऐकू येतंय. एकदा बघण्यासारखं आहे, पण तान्हं पोर किंवा म्हातारं माणूस घेऊन नको. मंगळवार-शुक्रवार सोडून साध्या वारी सकाळी जा. आधी खाली जोगुळभावीच्या कुंडावर हातपाय धुवायचे, मग वर.

मुलींना नक्की न्या, आणि जाताना वाटेत धरणाचं पाणी दाखवा. रेणुका, म्हणजे हीच यल्लम्मा, रोज पहाटे मलप्रभेवर जायची, ओल्या वाळूचा घडा करायची आणि सापाची चुंबळ करून तो डोक्यावर घ्यायची अशी कथा आहे. हीच ती नदी. नविलुतीर्थातला ‘नविलु’ म्हणजे कन्नडमध्ये मोर, हे पण सांगा, मुलींना आवडतं. आमचे रट्ट राजे बेळगावला यायच्या आधी ह्याच सौंदत्तीत होते, तेव्हाचं नाव सुगंधवर्ती, काय सुंदर नाव टाकून दिलं बघा.

जोगतिणींचं विचारलंत म्हणून सांगते, देवीला मुली सोडायची चाल कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद केलीय. डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेतलेल्या म्हाताऱ्या बायका तुम्हाला दिसतील, त्यांनी स्वतः काही निवडलेलं नव्हतं. मुलींनी विचारलं तर त्यांच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगा, फोटो काढायच्या आधी त्या बाईला विचारा, आणि परडीत काहीतरी घाला. तुमच्या केसात जट आहे, देवीचं बोलावणं आहे असं म्हणून कुणी पैसे मागितले तर मात्र हात जोडून पुढं चला.

प्रश्न : आम्ही दोघंच, रिटायर्ड, गाडी नाही. बसनं कित्तूर, हलशी होईल का? आणि बायकांना बस फ्री आहे म्हणतात ते आम्हाला मिळेल का?
— निपाणी

उत्तर : निपाणी कर्नाटकात, म्हणजे मिळेल की! जून २०२३ पासनं राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, आधार कार्ड जवळ ठेवा. साहेबांना मात्र तिकीट काढावं लागेल, त्यांनी आधीच मनाची तयारी करावी. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी उत्साहात उठू नका, महाराष्ट्राचं आधार चालत नाही.) कित्तूर सोपं, बेळगाव-धारवाड मार्गावरच आहे, बसचा तोटा नाही, फक्त बाहेरनं हायवेनं जाणारी नको, गावात जाते का ते चढताना विचारा. हलशीला मात्र खानापुरात बस बदला आणि उतरल्या उतरल्या परतीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा. पाट्यांवर आकडे कन्नड असतात : दोन आणि तीन आपल्यासारखेच वाटतात, एक म्हणजे थोडा उघडा गोल, तो शून्य समजून पुष्कळ जण चुकतात. मी सुद्धा लहानपणी एकदा चुकीच्या बसनं थेट हल्याळला पोचले होते, आजोबा एसटी स्टँडवर तीन तास बसून.

प्रश्न : परत जाताना कुंदा घ्यावा का करदंट? वाद चाललाय.
— इचलकरंजी, दोन जावा

उत्तर : कुंदा दुधाचा, म्हणून घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत संपवायचा, करदंट डब्यात बरेच दिवस टिकतं. करदंट म्हणजे कन्नडमध्ये तळलेला डिंक, वर गूळ आणि सुकामेवा, म्हणून थंडीत बाळंतिणीला पण चालतं. कुंदा बेळगावातच घ्या, करदंट गोकाकचं. ज्या जावेला दात आहेत तिनं करदंट घ्यावं.